घरबसल्या धर्मयुद्ध कसं लढावं

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडून अकरा दिवस झाले होते. सात मजले. मी ग्रुपवर लिहिलं, ‘लिफ्टचं कमिटीने काय ठरवलंय?’ चार मिनिटांत उत्तर आलं, पण इस्रायल-गाझा युद्धाच्या व्हिडिओच्या रूपात. रात्रीचं काळं आकाश, खालून वर सुटणाऱ्या ठिणग्या, मागे ढोलताशा आणि खाली ओळ: ‘याला म्हणतात देश! बघा आणि शिका!!’ त्यानंतर रात्री साडेअकरापर्यंत एकशे चाळीस मेसेज पडले. लिफ्टवर एकही नाही.

शेजारी बसलेला माझा मुलगा म्हणाला, ‘बाबा, हे खरं नाहीये, आर्मा थ्री आहे. गेम. मी खेळलोय.’ मी बावळटासारखं ते ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत ए विंगने मला हमासचा जावई करून टाकलं. मग मी असंही लिहिलं की ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलमध्ये जे केलं त्याला कत्तलच म्हणतात, दुसरा शब्द नाही. त्यावर सी विंगमधल्या कलिंगडाच्या (म्हणजे पॅलेस्टाईनच्या पाठिंब्याच्या) डीपीवाल्याने मला झायोनिस्टांचा, म्हणजे ज्यू राष्ट्रवाद्यांचा, दलाल ठरवलं. एका रात्रीत दोन्ही नेमणुका.

तेव्हा कळलं की आपलं प्रशिक्षण कमी पडतंय. गेले काही दिवस ग्रुपवरच्या जाणत्यांचा नीट अभ्यास केला. माझ्यासारखे आणखी कोणी मागे राहिले असतील तर त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

आधी बाजू ठरवा. वाचन नंतर. तेही नाही केलं तरी चालतं. बाजू कशी ठरवायची? ज्या माणसाशी तुमचं पार्किंगवरून भांडण आहे तो कोणत्या बाजूला आहे ते पाहा आणि समोरची घ्या.

नकाशा उघडू नका. नकाशाने भल्याभल्यांची मतं बिघडली आहेत. अख्खी गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या दोनतृतीयांशही नाही, आणि त्यात वीस लाखांवर माणसं, हे डोळ्यांपुढे आलं की ‘सपाट करा एकदाचं’ असं टाइप करताना अंगठा अडखळतो.

बोलण्याची सुरुवात नेहमी ‘हे धर्मयुद्ध दोन हजार वर्षांपासून चालू आहे’ या वाक्याने करावी. फार गुणाचं वाक्य. इस्लामच मुळी चौदाशे वर्षांचा आहे, हा हिशेब कोणी करत बसत नाही. शिवाय गेल्या शंभर वर्षांतलं काहीच माहीत असावं लागत नाही. २ नोव्हेंबर १९१७ ला बाल्फोर नावाच्या ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याने लॉर्ड रॉथशिल्डला एक पत्र लिहिलं, अन् जिथे दहातले जवळपास नऊ जण अरब होते त्या भूमीत ज्यूंचं राष्ट्रीय घर वसवायला पाठिंबा देऊन टाकला. त्याच सुमाराला अरबांना स्वातंत्र्याचं गाजर दाखवून झालं होतं आणि फ्रान्सशी गुपचूप वाटणीही ठरली होती. एकच खोली तिघांना भाड्याने. इंग्रज म्हटल्यावर आपल्याला हे वेगळं सांगायला नको, पण ‘दोन हजार वर्षां’त इंग्रज कुठे बसवणार? म्हणून ते वगळायचे. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत फाळणीवर मतदान झालं. ३३ बाजूने, १३ विरोधात, १० तटस्थ. भारत विरोधात होता. नुकतीच स्वतःची फाळणी भोगलेला देश आणखी काय करणार होता? वगळा.

धार्मिकपणाचं म्हणाल तर मूळ माणसं निराशाच करतात. ज्यूंच्या राज्याचं स्वप्न पाहणारा हर्झल काही सोवळ्यातला नव्हता. १९०३ मध्ये त्याने ‘तात्पुरती पूर्व आफ्रिकेतली जागा घ्यायची का’ असा प्रस्ताव आपल्याच लोकांपुढे ठेवला होता. पहिला पंतप्रधान बेन-गुरियन, तोही देवधर्माच्या वाटेला फारसा न जाणारा. पलीकडे पाहावं तर पॅलेस्टाईनसाठी विमानं पळवणाऱ्या संघटनेचा संस्थापक जॉर्ज हबश हा ख्रिश्चन! लिद्दा गावचा. जुलै १९४८ च्या उन्हात इस्रायली सैन्याने तिथल्या अरबांना गावाबाहेर काढलं, माणसं चालत निघाली, वाटेत तहानेने मेली. त्या साली एकूण सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरांना मुकले. कित्येकांनी कुलपं लावून किल्ल्या बरोबर घेतल्या, त्या अजून नातवंडांकडे आहेत. आणि पुढच्या काही वर्षांत बगदाद, साना, कैरो इथले ज्यू असेच उखडले गेले. तेही लाखांनी. त्या लिद्दाचं आज नाव आहे लोद आणि तिथे गेलात तर तुम्हाला मराठी ऐकू येईल. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, तिथे जाऊन वसलेत. आता बसवा हे ‘दोन हजार वर्षां’च्या फॉरवर्डमध्ये.

मग धर्म यात कधीच नव्हता का? होता, आणि नंतर तर त्याची रीतसर भरती झाली. ते समजायला जेरुसलेमला जायला नको, गावाकडे या. दोन भावांचं बांधावरून वाजतं. मोजणी होते, दगड रोवले जातात, एक भाऊ आयुष्यभर शिव्या देत मरतो, पण मिटतं. त्याच बांधावर कोणी शेंदूर फासला किंवा हिरवी चादर अंथरली की मोजणीवाला आपली साखळी गुंडाळून परत जातो. तीन पिढ्या कोर्टात. तिकडे तेच झालं. १९६७ च्या युद्धात जेरुसलेममधली ज्यूंची पवित्र पश्चिमेची भिंत आणि वेस्ट बँकेतलं हेब्रोन इस्रायलच्या हाती आलं, आणि काही मंडळींना हा लष्कराचा विजय न वाटता देवाची खूण वाटली. ते जाऊन तिथे वस्त्या करू लागले. वीस वर्षांनी, १९८७ मध्ये हमास जन्मली आणि वर्षभरात सनद लिहून मोकळी झाली की ही जमीन कयामतपर्यंत वक्फ आहे, यातला तुकडाही सोडता येणार नाही. माणसाची जमीन वाटता येते हो. देवाच्या जमिनीची वाटणी कोण करणार? सात-बारा कोण काढून देणार?

पुढची सूचना महत्त्वाची. शत्रूच्या आधी आपल्यातला तडजोड करणारा शोधून काढावा. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना लष्करी संचलनात गोळ्या घातल्या त्या ज्यूंनी नाही, त्यांच्याच देशातल्या धर्मवेड्यांनी. इस्रायलशी तह केला होता ना! १९९५ च्या ४ नोव्हेंबरला इस्रायलचे पंतप्रधान राबिन तेल अवीवमध्ये शांततेच्या सभेतून बाहेर पडले आणि त्यांना मारलं ते कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका ज्यू तरुणाने. धर्मशास्त्राचा आधार तयार होता त्याच्याकडे. आदल्या वर्षी रमजानात हेब्रोनच्या मशिदीत एका ज्यू डॉक्टरने नमाजाला वाकलेल्या २९ जणांना पाठीमागून गोळ्या घातल्या. डॉक्टरने. चाळीस दिवसांचा दुखवटा संपता संपता हमासने इस्रायलमधल्या अफुलात बसपाशी बॉम्ब उडवला. दोन्हीकडचे कट्टर एकमेकांचे वैरी असतात असं आपण समजतो. कसले वैरी, एकमेकांचं कॅलेंडर सांभाळतात.

आज इस्रायलमध्ये असलेलं हैफा शहर आपण जिंकलं, हे दिवसातून एकदा सांगा. १९१८ साली जोधपूर आणि म्हैसूरचे घोडेस्वार कोणासाठी लढत होते, इंग्रजांसाठीच ना, हे विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढा.

आता प्रात्यक्षिक. आपल्या आसपास त्या-त्या धर्माचा जो कोणी हाताला लागेल त्याला धरून तिकडच्या घडामोडींचा जाब विचारावा. आमच्याकडे याचे दोन उत्तम प्रयोग झाले.

पहिला बाराव्या दिवशी. देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, म्हणून बाहेरचा मेकॅनिक बोलावला होता. सव्वीस-सत्तावीसचा मुलगा, मुंब्र्याचा. सातव्या मजल्यावर मशीनरूममध्ये पॅनल उघडून, तोंडात छोटी बॅटरी धरून जळका रिले काढत होता. आमचे एक काका, रोज सकाळी दत्ताचा फोटो आणि सुविचार पाठवणारे, दारात उभे राहून म्हणाले, ‘काय रे, तुमच्या लोकांचं काय चाललंय तिकडे?’ त्याने बॅटरी तोंडातून काढली. ‘कुठे साहेब? मुंब्र्यात?’

‘अरे तिकडे, गाझाला!’

तो काही बोलला नाही. बॅटरी पुन्हा तोंडात धरली आणि स्क्रू पिळत राहिला. मी तिथेच होतो. मीही काही बोललो नाही, हे इथे लिहून ठेवतो.

दुसरा प्रयोग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींवर. बेने इस्राएल, माहेर अलिबागकडचं, आडनाव आपल्यासारखंच गावाचं आणि शेवटी ‘कर’. यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. आजी शनिवारी लिफ्टचं बटण दाबत नाहीत, त्यामुळे आमच्या अकरा दिवसांतला एक तरी दिवस त्यांच्या हिशेबी सुरळीत गेला. खाली बाकावर बसल्या होत्या तर काका लांबूनच हात उंचावून, ‘अभिनंदन! तुमच्या लोकांनी दाखवून दिलं हां!’ आजी म्हणाल्या, ‘कोणाला?’ त्यांच्या बहिणीचा मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. सायरन वाजला की म्हाताऱ्या आईला धरून जिना उतरायचा, असं त्याचं चाललेलं. दोन दिवस फोन लागत नव्हता. आजींना अभिनंदन नको होतं, फोन लागायला हवा होता.

या आजी एक शब्द असा वापरतात की ग्रुपचं डोकं बंद पडावं. लहानपणी त्यांच्या घरी सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. ‘आम्ही शनिवारी मशिदीत जायचो’ असं एक ज्यू बाई मराठीत सांगते. आता लढा. आणि ज्या देशाच्या नावाने काकांची छाती एवढी फुगते, त्या देशातल्या धर्मगुरूंनी १९६० च्या सुमाराला याच बेने इस्राएलांना लग्नाच्या वेळी म्हटलं होतं की तुम्ही खरे ज्यू आहात का ते आधी तपासावं लागेल. कोकणातून सगळं विकून गेलेली माणसं! आंदोलनं करावी लागली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की हे पूर्ण ज्यू आहेत. आजींची मावशी त्या निदर्शनांत बसली होती. काकांना हे ऐकायला वेळ नव्हता. त्यांना व्हिडिओ पुढे पाठवायचा होता.

मेलेल्यांची मोजदाद कशी करावी? आपल्या बाजूची मुलं मोजावी, समोरच्या बाजूचे आकडे मोजावे. ७ ऑक्टोबर २०२३ ला ज्यूंच्या सणाच्या दिवशी हमासने सुमारे १२०० माणसं मारली आणि २५१ ओलीस नेली, मोहिमेला नाव दिलं अल-अक्साचा पूर. जेरुसलेममधल्या मशिदीचं नाव. म्हातारी माणसं, नाचगाण्याला आलेली पोरं, शेतात राबायला आलेले थायलंडचे मजूरसुद्धा. यावर सी विंगने एक शब्द लिहिला नाही, वर ‘संदर्भ समजून घ्या’ म्हणून शिकवणी घेतली. मग इस्रायलच्या पंतप्रधानांनी युद्धाची हाक देताना बायबलमधल्या अमालेकची आठवण काढली. अमालेक म्हणजे ज्यांची बायकापोरंही सोडू नका असं जिथे लिहिलंय ते. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीत मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे दुष्काळ जाहीर झाला. पाऊस पडला नाही म्हणून नाही, ट्रक अडवले म्हणून. बरगड्या निघालेल्या पोराचा फोटो ग्रुपवर आला तर ए विंगवाले म्हणाले, ‘एआय आहे.’

व्हिडिओ गेमचं क्षेपणास्त्र खरं आणि उपाशी पोर एआय.

आता मार्गदर्शन बास झालं. मला ते जमतही नाहीये.

लाज नाही का वाटत तुम्हाला? तुमचं कोण आहे तिकडे? ज्यांचं आहे त्या आजी गप्प बसून फोन लावतायत. तुम्हाला यातलं काही कळून घ्यायचं नाहीये, तुम्हाला मॅच बघायचीय. विकेट पडली की ढोल वाजवायचेत, आणि मॅच संपली की त्या मुंब्र्याच्या पोराकडे बघून घ्यायचंय. तुम्हाला तिकडचा धर्मही नको आहे, तुम्हाला इथला शेजारी हवाय, कोपऱ्यात घ्यायला. आणि सी विंगचे क्रांतिकारक, तुम्हीही हसू नका. कलिंगड लावून कोणी माणुसकीचा मक्ता घेत नाही. बाराशे माणसं मेली तेव्हा तुमचा अंगठा कुठे गेला होता?

काका, तुम्ही वाचत असालच. आजींना जाऊन विचारा, फोन लागला का. फक्त तेवढंच विचारा, पुढे बोलू नका. आणि लिफ्ट सुरू होऊन सोळा दिवस झाले, तुम्ही रोज चारदा वरखाली करता. मेकॅनिकचं अठ्ठावीसशेचं बिल अजून तुमच्या सहीसाठी पडून आहे. तो दोनदा येऊन गेला. नंबर हवा असेल तर ग्रुपवर आहे, तुमच्याच त्या व्हिडिओच्या खाली, एकशे चाळीस मेसेज सोडून.