समुपदेशनासाठी पुणं गाठायलाच हवं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं: कोल्हापुरात समुपदेशक म्हणजे गप्पांचे पैसे, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, गेलं तर गोळ्या देऊन वाटेला लावतात, त्यात ओळखीचं कुणी दिसलं की संपलंच, त्यापेक्षा पुणं बरं. यातलं निम्मं मला मान्य आहे.

गप्पांचे पैसे घेणारे आहेतच. आठवड्याचा कोर्स करून पाटी लावणाऱ्याला कुणी फारसं अडवत नाही. म्हणून वेळ घेतानाच फोनवर विचारा: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंय? 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस चिडत नाही, लगेच सांगतो. आणि डॉक्टर नसलेला समुपदेशक गोळीचं नाव सुचवू लागला तर तिथून उठायचं.

गोळ्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. सरकारी ओपीडीत गर्दी असते. तिथं 'झोप लागत नाही' एवढंच सांगितलं तर झोपेचंच औषध मिळणार. आधी कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती तास, जेवण, कामावरचे खाडे, चालू औषधं, थायरॉईडचा रिपोर्ट असेल तर तो, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मग स्वतःहून विचारा, 'समुपदेशन इथं कुठल्या वारी असतं?' नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. लोक तेव्हाच गोळी सोडतात आणि 'लागू पडली नाही' म्हणतात.

गुप्ततेची हमी 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम 23 मध्ये आहे, पण बाकावर शेजारी बसलेल्या मावशींना तो कायदा कोण सांगणार! त्यावर उपाय म्हणजे अनेक विभाग असलेलं हॉस्पिटल. तिथं तुम्ही दाताला आलात की मनाला, कुणाला कळत नाही.

पुणं सव्वादोनशे किलोमीटरवर. पाऊण तासाच्या भेटीसाठी दर आठवड्याला एक दिवस आणि एसटीचं भाडं; बहुतेकांचं तिसऱ्या खेपेला सुटतं. पुण्याचाच माणूस हवा असेल तर ऑनलाइन भेटा, फक्त दार लावता येईल अशी खोली हवी. इथलाही समुपदेशक पहिल्या भेटीत पारखू नका. ती बहुतेक माहिती घेण्यातच जाते. चार-पाच भेटींनंतरही नेमकं कशावर काम चाललंय हे ते सांगू शकले नाहीत, तर बदला.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर यातलं काहीच शोधत बसू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठा, अपॉइंटमेंट लागत नाही.