अंदमानला निघालात? मग एवढं कराच

अंदमानहून आल्यापासून ओळखीतला प्रत्येक जण विचारतोय, काय काळजी घ्यायची, काय न्यायचं, काय चुकवायचं नाही. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. यातलं माझं स्वतःचं काही नाही. आमच्या ग्रुप टूरमधल्या अनुभवी मंडळींकडून जे शिकायला मिळालं, तेच पुढे देतेय.

आधी पावसाचं. अंदमानात मान्सून आपल्याआधी, मे महिन्यातच पोचतो. तो सरतोय न सरतोय तोवर ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो, तो पार नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून तर तिथं सदाहरित जंगल आहे. तुम्ही यातलं काहीही वाचू नका. जुलैत पॅकेज स्वस्त मिळतंय ना, मग घ्या. समुद्र खवळला म्हणून हॅवलॉक बेटाची बोट रद्द झाली की जेट्टीवरच्या काउंटरच्या मुलाला मनसोक्त झापा. बंगालचा उपसागर त्याच्याच ताब्यात असतो. आणि हो, परतीचं विमान दुपारी असेल तर हॅवलॉकहून त्याच दिवशी सकाळी निघायचं ठेवा. सहलीत थोडी धाकधूक हवीच.

सूर्यास्ताचंही तसंच. बेटं आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला, जवळजवळ म्यानमारच्या रेषेत. घड्याळ मात्र भारताचंच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. तुम्ही दुपारची झोप काढा, चहा घ्या, कपडे बदला, सहाला हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर पोचा आणि ड्रायव्हरला विचारा, ‘सनसेट किधर है?’

पोचल्यावर पहिलं वाक्य म्हणायचं ते असं : ‘आमच्या तारकर्लीपुढे काहीच नाही हो!’

मगरींपासून सावध राहा अशी पाटी दिसली की तिला टेकून फोटो काढा. २०१० साली याच राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक मुलीला मगरीनं ओढून नेलं होतं, पण ती परदेशी होती. आपलं वेगळं.

स्नॉर्कलिंग करताना दमलात तर प्रवाळावर उभे राहा. तो दगडच आहे, असं आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ठामपणे सांगितलं. किनाऱ्यावर पडलेले तुकडे बॅगेत भरा, शोकेससाठी. १९७२च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच यादीत बसवलंय वगैरे बोलणारा कुणी भेटला तर त्याला म्हणा, ‘एवढुसा तर आहे.’ विमानतळावर बॅग उघडायला लावली की तिथंही हेच वाक्य, फक्त हिंदीत.

सेल्युलर जेल. इथं आपण मराठी माणसं भारावून जातो, जायलाच पाहिजे. त्यामुळे सावरकरांच्या कोठडीत शिरलात की बाहेरची रांग विसरून जा. आधी एकट्याचा फोटो, मग जोडीनं, मग सासूबाईंना बोलवा, मग गज धरून एक करुण चेहऱ्याचा. तो नीट आला नाही तर परत. कोलूपाशी बैल झाल्याची ॲक्टिंग करून रील काढा. हसू आवरत नसेल तर आवरू नका, लाइक्स जास्त येतात. सातापैकी तीनच इमारती उरल्यात, ६९८ कोठड्या होत्या, हे गाइड सांगत असताना हॉटेलच्या नाश्त्याबद्दल बोलून घ्या. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला मोबाइलचा टॉर्च पेटता ठेवा, मागच्यांनाही प्रकाश मिळतो.

बाराटांग बेटावरचा चिखलाचा ज्वालामुखी बघून ‘एवढंच?’ म्हणायला विसरू नका.

आता बाराटांगचा विषय निघालाच आहे तर मुख्य सल्ला देते. हे कराच. चुनखडीच्या गुहा बघायला म्हणून जायचं. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, पहाटे तीनला उठून जिरकाटांगच्या चौकीवर रांगेत थांबायचं. फॉर्म भरायचा. तिथं पाटी असते : गाडी थांबवू नका, फोटो-व्हिडिओ काढू नका, खायला काही देऊ नका, काचा बंद ठेवा. ही पाटी मोठ्यानं वाचून हसायचं. मग फाटक उघडतं, गाड्यांचा ताफा निघतो आणि पुढचा तासभराहून जास्त वेळ जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. गर्जन, पडौक अशी आभाळाला टेकलेली झाडं, खाली उजेड पोचत नाही इतकी दाट. तिकडे ढुंकूनही बघू नका. झाडं बघायला का आलोय आपण?

आमच्या गाडीत एक काका होते. पुढची सीट त्यांनी ‘गुडघ्यांमुळे’ मागून घेतली होती. मांडीवर दुर्बीण, पायाशी बिस्किटांच्या पुड्यांची पिशवी. जिरकाटांग सोडल्यापासून एकच धोशा, ‘दादा, थोडा स्लो लेना.’ ड्रायव्हर रांचीकडच्या वस्तीतला, वयानं माझ्या मुलाएवढा. तो हात जोडून म्हणाला, ‘साहब, फोन अंदर रखिए, मेरा परमिट जाएगा.’ त्यावर काकांनी पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि गिअरजवळ ठेवली. पोरानं ती उचललीसुद्धा नाही. गाडी वळणं घेत होती तशी ती इकडून तिकडे सरकत राहिली, शेवटी पायाखाली गेली.

आणि मग एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई उभी दिसली, लेकराला कडेवर घेऊन. बस्स. ताडोबात वाघ दिसल्यावर जिप्सीत जो गोंधळ होतो, तो अख्खा आमच्या गाडीत. ‘दिसली, दिसली!’ ‘डावीकडे!’ ‘अगं उठव त्याला, झोपलाय काय!’ काका काचेवर अंगठीनं टकटक करतायत. हो, टकटक. मागून कुणीतरी ‘बिस्किट टाका, बिस्किट टाका’ म्हणून ओरडतंय. ती बाई लेकराचं डोकं हातानं आपल्याकडे वळवून झाडीत गेली. तिला काय कळायचं ते कळलं होतं.

नंतर खाडीवर फेरीबोटीची वाट बघत असताना काका म्हणाले, ‘पैसे वसूल नाही झाले. एकच दिसली.’

एकच दिसली! म्हणजे किती दिसायला हव्या होत्या? सगळे मिळून काही शेच माणसं आहेत ती. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला वस्ती केली तेव्हा ग्रेट अंदमानी जमातीचे लोक हजारोंनी होते. गोवर आला, इतर रोग आले, दारू आली. आज ते पन्नासच्या आसपास उरलेत. जारवा उरले, कारण ते बाणाच्या धाकानं बाहेरच्यांना लांब ठेवत आले. १९९८च्या सुमारास ते आपणहून जंगलाबाहेर यायला लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवर पसरला. काकांना आदल्या दिवसापासून सर्दी होती. सबंध गाडीत शिंकत होते, आणि त्याच हातानं बिस्किटं टाकायची होती त्यांना.

जारवांच्या संरक्षणाचा कायदा १९५६ पासून आहे. त्यांच्या जंगलातून जाणारा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं. रस्ता अजून चालू आहे, हा सरकारचा पराक्रम. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या आमिषानं नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला, आपली शोभा झाली, चार दिवस सगळे हळहळले. तो व्हिडिओ आमच्या काकांना ठाऊक होता. ‘तेव्हा बरं होतं, आता फार कडक केलंय,’ म्हणाले.

आता सल्ला वगैरे पुरे. अहो, लाज वाटत नाही का? ते त्यांच्या घरात उभे असतात आणि तुम्ही त्यांच्या अंगणातून गाडी दामटत काच वाजवता! तुमच्या सोसायटीच्या फाटकावर कुणी बस थांबवली, तुमच्या सुनेकडे बोट दाखवून ‘दिसली, दिसली’ ओरडला आणि नातवाच्या दिशेनं पार्ले-जी भिरकावला, तर पोलिसांत जाल ना? सेल्युलर जेलमध्ये आदल्याच दिवशी डोळे पुसत होतात, माणसाला पिंजऱ्यात कोंडलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून तुम्ही काय बघायला गेलात?

जंगलच बघायचं असेल तर चिडियाटापूला जा, माउंट हॅरिएटला जा, आता त्याला माउंट मणिपूर म्हणतात. झाडं तीच, पक्षी आहेत, पायवाटा आहेत, आणि कुणाच्या घरातून जावं लागत नाही. गुहा नाही बघितल्या तर काही बिघडत नाही. गेलातच, तर काच वर, फोन पिशवीत आणि तोंड बंद. त्या ड्रायव्हरला पैसे दाखवू नका, तुमच्या हौसेपायी त्याची रोजीरोटी जाईल.

आणि काका, टूरच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेला तो हललेला, अर्धवट व्हिडिओ अजून तिथंच आहे. खाली सदतीस अंगठे पडलेत. गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या हातानं टाकून वर ‘व्वा, दुर्मिळ!’ म्हणून शाबासकी घेताय. ग्रुपमधल्या एकालाही ‘काढा तो’ म्हणावंसं वाटलं नाही. मी म्हणाले, तर ॲडमिननं मलाच सांगितलं की ग्रुपवर नकारात्मकता नको. काढा तो व्हिडिओ. आज काढा.