सापळे लावूनही सोयाबीन खाल्लं, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्याकडून नेलेल्या कामगंध सापळ्यांत पतंग ढिगानं पडले तरी सोयाबीनच्या पानांची चाळण झाली आणि ‘जालीम औषध’ मागितलं तर आम्ही दिलं नाही, असं तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय. पोसलेलं पीक असं डोळ्यांदेखत जाताना जीव तुटतो, हे कोल्हापुरात दुकान चालवताना आम्ही दर पावसाळ्यात बघतो. पण सापळ्यानं फसवलं, हे मान्य नाही.

सापळ्यात टांगलेल्या ल्युअरला, म्हणजे गंधाच्या आमिषाला, मादीचा वास असतो, त्यामुळं आत फक्त नर येतात. तुमची पानं खाणारी अळी ही स्पोडोप्टेरा नावाच्या पतंगाची; त्याची मादी रानातच राहते आणि पानाखाली पुंजक्यानं २००-३०० अंडी घालते, वर भुरकट केसांचं पांघरूण. एकरी दोन सापळे अळी संपवायला नसतातच, पतंगांची धाड आली हे कळवायला असतात. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८-१० पतंग दिसले की लगेच पानं उलटून बघायची. बारक्या अळ्या तेव्हा एकाच पानावर झुंडीनं असतात, हिरवा भाग खरवडून पान जाळीसारखं करतात. ते पान तोडून नष्ट केलं की शेकडो अळ्या एकदम जातात. याच्याइतका खात्रीचा आणि बिनखर्चाचा उपाय आमच्या दुकानातही नाही. अळी मोठी झाली की पांगते, दिवसा मातीत दडते, रात्री खाते. मग भर दुपारी फवारून काय हाताला लागणार?

तीन औषधं एका पंपात कालवून आम्ही कुणालाच देत नाही, पुढंही देणार नाही. पीक करपतं, फवारणाऱ्याच्या जिवाला धोका असतो आणि अळी खाणारे मित्रकीटकही मरतात. बारक्या अळीवर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा एसएलएनपीव्ही (या अळीला रोग लावून मारणारा विषाणू), तेही संध्याकाळी, कारण उन्हानं हा विषाणू निकामी होतो. मोठ्या अळीवर लेबलवर सोयाबीन आणि ही अळी, दोन्ही लिहिलेलं एकच औषध, लेबलवरच्याच मापानं.

येताना अळी डबीत घालून आणा. उंटअळीही सोयाबीनची पानं खाते, आणि तिचे पतंग या ल्युअरला येत नाहीत. आमच्यावर भरवसा नसेल तर तीच डबी कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.