खुलासा : 'गाडल्या गेलेल्या रोमन मंदिराचं' ते चित्र

व्हॉट्सॲपवर एक काळंपांढरं चित्र फिरतंय : जाडजूड खांब, पडझड, पुढे गुरं. खाली लिहिलंय, 'व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन नेपच्यून मंदिर, हाताने काढलेलं चित्र'. यातली बहुतेक माहिती चुकीची आहे.

मंदिर ग्रीक आहे, इ.स.पूर्व 5व्या शतकातलं. दक्षिण इटलीतल्या पेस्टम इथे ते आजही उभं आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत ते कधीच गाडलं गेलं नाही. दलदल आणि मलेरियामुळे गावच ओस पडलं, म्हणून अवशेष शाबूत राहिले. नेपच्यूनचं नावही नंतर चिकटलेलं. ग्रीकांच्या या वसाहतीचं नाव पोसेडोनिया, म्हणजे समुद्रदेव पोसायडनचं (रोमनांचा नेपच्यून) गाव, त्यावरून 18व्या शतकातल्या अभ्यासकांनी मोठं मंदिर समुद्रदेवतेचंच असणार असं ठरवून टाकलं. आता ते बहुधा हेरा या ग्रीक देवीचं मानतात. रोमन वसाहत इथे आली ती इ.स.पूर्व 273मध्ये, म्हणजे मंदिर बांधून झाल्यावर बऱ्याच काळाने.

आणि चित्र? ते एचिंग आहे : तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग आम्ल, शेवटी शाई भरून कागदावर छाप. म्हणजे एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. हे चित्र इटालियन चित्रकार जोव्हानी बातिस्ता पिरानेसीच्या पेस्टमवरच्या मालिकेतलं, ती 1778ची. त्याच वर्षी तो वारला, उरलेलं काम मुलगा फ्रान्चेस्कोने पुरं केलं.

गुरं मात्र खरी वाटतात. त्या भागातल्या म्हशींच्या दुधाचं मोझरेला चीज आजही प्रसिद्ध आहे.