‘नखाने दाबलं की झालं’ लिहिणाऱ्या वाचकांना

स. न. वि. वि.

दिवाळीची ग्रीटिंग घरी करताना घडी कशी घालावी, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली नाव नाही, त्यामुळे नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. इतरांना संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देते: “कागद दुमडायला कसली आलीय पद्धत? नखाने दाबलं की झालं. रिकामा वेळ असला की माणसं कशावरही पानं भरतात. फोटोही धड नाहीत. आणि हल्ली ग्रीटिंग पाठवतं कोण? व्हॉट्सअ‍ॅप आहे की.”

फोटोंचं मान्य आहे. रात्री ट्यूबलाइटखाली काढले होते, त्यात दाबलेली रेघ नीट दिसत नाही. या आठवड्यात दिवसाउजेडी काढून नवे टाकते.

पण ‘रिकामा वेळ’? लेख पटला नाही, असं लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत आभार मानून गप्प बसले असते. माणसाच्या वेळेची किंमत ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझे वडील पुण्यात एका छापखान्यात बाइंडिंगला होते. लग्नसराईत पत्रिकांचे गठ्ठे घरी यायचे आणि जेवणं उरकली की आई, मी आणि धाकटा भाऊ सतरंजीवर घड्या घालत बसायचो. मजुरी शेकड्यावर मिळायची. घडी तिरकी गेली किंवा कडेला शाई तडकली, की त्या पत्रिकेचे पैसे मजुरीतून कापून घ्यायचे. आमच्या शाळेच्या फिया त्या घड्यांतून गेल्या आहेत. त्यामुळे कागद दुमडण्याला पद्धत असते की नसते, हे मला कोणी नाव न लिहिता शिकवू नये.

आता नखाबद्दल. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) असतो, त्याला नख चालतं. लेख त्या कागदाबद्दल नव्हताच. तो २०० ते ३०० जीएसएमच्या कार्डशीटबद्दल होता, आणि ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे. तुम्ही तिथपर्यंत तरी वाचलंत का?

कारखान्यात कागदाचा लगदा चालत्या जाळीवर पडतो आणि त्यातले बरेचसे तंतू जाळीच्या चालीच्या दिशेने लागतात. त्या दिशेने घातलेली घडी सरळ बसते. त्याला आडवी घातली की जाड कागद कुरकुरतो, कड खरबरीत होते आणि वर रंगाचा थर असेल तर तो फुटून आतला पांढरा कागद दिसतो. शीट हलकेच वाकवून बघा, एका बाजूने सहज वाकेल, दुसऱ्या बाजूने अडेल. सहज वाकते तीच घडीची दिशा.

ए-फोर आकाराच्या शीटमध्ये तंतू बहुधा २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूला समांतर असतात. म्हणून अख्खी ए-फोर मधोमध दुमडली की घडी नेमकी आडवी पडते. तीच शीट आधी मधून कापा आणि प्रत्येक तुकड्याची २१० ची बाजू १०५ वर दुमडा. घडी तंतूंच्या दिशेने पडते, एका शीटमध्ये दोन ग्रीटिंग होतात आणि ती ११४ बाय १६२ च्या पाकिटात व्यवस्थित बसतात. लेखात ‘आधी कापा, मग दुमडा’ असं लिहिलं होतं ते याचसाठी.

दिशा बरोबर असली तरी कार्डशीटला आधी रेघ दाबावीच लागते. स्टीलची पट्टी आणि संपलेली रिफिल पुरते. रेघ ग्रीटिंगच्या बाहेरच्या अंगाने दाबायची. मग आतल्या अंगाला बारीक उंचवटा येतो आणि दुमडल्यावर तो घडीच्या आत राहतो. बरेच जण खाच आत घेऊन दुमडतात, कारण हाताला तसं सोपं वाटतं. त्याने बाहेरचा थर जास्त ताणला जातो आणि तिथेच तडकतो. वडील नवीन मुलाला पहिल्या दिवशी हेच दाखवायचे.

आणि नखाने काय होतं, तेही सांगते. गडद कागदावर चकाकती रेघ उठते, ती पुन्हा जात नाही. दुमडल्यावर वर एक कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने एकदाच घासलं की कड बसते आणि डाग पडत नाही.

वेळेचाच प्रश्न असेल तर याच पद्धतीने वेळ वाचतो. जाड पुठ्ठ्यावर दोन पट्ट्या काटकोनात चिकटवायच्या, १०५ ची खूण वर आणि खाली एकदाच करून ठेवायची. कागद कोपऱ्यात सरकवायचा, रेघ दाबायची, बाजूला ठेवायचा. आधी सगळ्यांच्या रेघा, मग सगळ्यांच्या घड्या, मग गठ्ठा रात्रभर जाड पुस्तकांखाली. एकेक ग्रीटिंग मोजून, दुमडून, सजवून संपवत बसलं तरच दिवस जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी काही बोलणार नाही, लेखाचा तो विषय नाही. ज्यांना पाठवायचं ते पाठवतात.

हातकागदाबद्दल ज्या ताईंनी विचारलं होतं, त्यांना: पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा हाताने बनवलेला कागद असेल तर तंतू सगळीकडे पसरलेले असतात, दिशेची फारशी काळजी नको. रेघ मात्र थोडी जास्त दाबून घ्या आणि कडा कापू नका, त्या तशाच छान दिसतात.

तुम्हाला एवढंच सांगते, की २५० जीएसएमची एक गडद छापील कार्डशीट आणा, अख्खी ए-फोर नखाने दुमडा आणि कड उजेडात धरा. त्यानंतर जे लिहायचं ते लिहा, पण खाली नाव घाला.