वर बोट कसं दाखवावं

गोव्यात सुखाने राहायचं असेल तर एक बोट कायम मोकळं ठेवा. हातात बाजाराची पिशवी असो, मोबाईल असो की ग्रामसभेचा माईक, उजव्या हाताची तर्जनी अडकलेली नसावी. कधीही, कुठेही कोणीतरी विचारील, ‘हें कोणें केलें?’ आणि ती वर करून तुम्हाला सांगावं लागेल, ‘वयल्यान आयलां.’ म्हणजे, वरून आलंय.

‘वर’ म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं नाही. आमच्या वाड्यावरचा साकव दोन पावसाळ्यांमागे खचला. पंचांना विचारलं, त्यांनी पणजीकडे बोट दाखवलं. पणजीला गेलो तर खिडकीतल्या गृहस्थांनी, स्वतः मान वर न करता, दिल्लीच्या निधीकडे बोट दाखवलं. दिल्ली गाठायची माझी ऐपत नाही. पण गेलो असतो तर तिथल्या माणसाने ‘पंचायत हा राज्याचा विषय’ म्हणून बोट पुन्हा खाली वळवलं असतं, याची मला खात्री आहे. संघराज्य, संघराज्य म्हणतात ते हेच असावं. सगळ्यांची बोटं गोलाकार फिरतात आणि मधोमध खचलेला साकव असतो.

या सवयीबद्दल मनात अपराधी वाटू देऊ नका. ती आपल्याला वारशात मिळाली आहे. साडेचारशे वर्षं हुकूम लिस्बनहून जहाजाने यायचा. १९ डिसेंबर १९६१ नंतर तो दिल्लीहून येऊ लागला, एवढाच फरक. वाट बघण्याचा वेळ मात्र बराच वाचला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आपल्यापुढे फूल आणि दोन पानं ठेवली. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहा. ‘स्वतःचं राज्य’ अशी तिसरी निशाणी मतपत्रिकेवर नव्हतीच. आमच्या घरात आजोबा फुलाचे आणि त्यांचा धाकटा भाऊ पानांचा. दोघे महिनाभर एका पंगतीला बसले नाहीत, पण मुंबई की दिल्ली यापलीकडे भांडायला दोघांकडेही जागा नव्हती. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. घटकराज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडलं. त्या दिवशी खरं तर बोट खाली यायला हवं होतं. पण पंचवीस वर्षं वर धरलेला हात असा एका दिवसात खाली येत नाही, आखडतो.

आता विषयवार सराव करू.

विमानतळापासून सुरुवात करा, ते सोपं आहे. दाबोळीची धावपट्टी १९६२ पासून नौदलाकडे. तिथे विमानाला उशीर झाला की सरळ देशरक्षणाकडे बोट दाखवायचं, कोणी वाद घालत नाही. जंगल थोडं अवघड. वनं आणि शिक्षण हे दोन्ही विषय पूर्वी राज्याचे होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती यादीत गेले, म्हणजे जमीन दोघांची आणि आंब्याचं झाड थोरल्याचं. एप्रिल २०२० मध्ये तुम्ही-आम्ही दाराला कडी लावून घरात बसलो असताना मोलेच्या अभयारण्यातून चौपदरी रस्ता आणि वीजवाहिनी न्यायला दिल्लीत व्हिडिओ कॉन्फरन्सवर मंजुरी मिळाली. रेल्वेच्या दुसऱ्या रुळाची मंजुरीही तिथलीच. रेल्वेची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. पण तेही दिल्लीतच. दिलं वरून, काढलं वरून. तुमच्या बोटाला दिशा बदलायचेही कष्ट नाहीत.

नद्यांवर मात्र जरा रेंगाळा. २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत आपले सहा: मांडवी, जुवारी, कुंभारजुव्याचा कालवा, म्हापशाची नदी, शापोरा आणि साळ. एवढ्याशा गोव्यातल्या सहा जणी एका मांडवात उजवल्या म्हणून आपण पेढे वाटायला हवे होते. मोठ्या घरी मुलगी दिली की बापाने करायचं तेच आपण करायचं. कौतुक सांगत फिरायचं आणि भेटायला जाताना आधी विचारून जायचं.

सातवी, खरं म्हणजे पहिलीच, म्हादई. मांडवीचं हे माहेरचं नाव. आम्हा सत्तरीकरांच्या दाराशी वाहते, जन्मते मात्र खानापूर तालुक्यात. २०१० मध्ये लवाद बसला. १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. आकडा आपला मोठा दिसतो, म्हणून वाचताना तिथेच थांबा. पुढे वाचलंत तर लक्षात येईल की आपलं पाणी खालच्या अंगाला आहे आणि तोटी वरच्या अंगाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादईचं पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या प्रकल्पाचा, सुधारित आराखडा मंजूर केला. तेव्हा बंगळुरू, पणजी आणि दिल्ली तिन्हीकडे एकच पक्ष. डबल इंजिनाचा महिमा आपल्याला प्रत्येक सभेत सांगितलेला आहे. पण एकाच नदीच्या दोन्ही टोकांना डबल इंजिन जोडलं तर गाडी कुठे जाते, हे कोणी सांगितलं नव्हतं. ती लोकसभेच्या जागांकडे जाते. कर्नाटकाच्या २८, आपल्या २. पाणी उताराकडे वाहतं हे शाळेत शिकवलेलं विसरा, शिक्षणही आता समवर्तीच आहे.

अशा वेळी विधानसभेत एकमताने ठराव करावा. एकमत होतं म्हणजे ठरावाने काही होणार नाही याची सगळ्यांनाच खात्री असते.

पैशाचं विचारलं तर जीएसटी परिषदेचं उदाहरण द्या. तिथे गोव्याला एक मत आहे आणि उत्तर प्रदेशालाही एकच. छाती भरून येते. मे २०२१ मध्ये तमिळनाडूच्या मंत्र्यांना ही बरोबरी खुपली, तेव्हा आपल्याकडे केवढा स्वाभिमान उसळला होता! फक्त हिशेब करत बसू नका. एक तृतीयांश वजन केंद्राच्या मताला, उरलेल्या दोन तृतीयांशात सगळी राज्यं, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. सगळे हजर असले तर केंद्राचं एक मत म्हणजे आपली साधारण साडेपंधरा. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅसिनोवर २८ टक्के कर लावण्याच्या वेळी गोवा, सिक्कीम आणि दिल्ली वेगळं म्हणत होते. १ ऑक्टोबरपासून कर लागू झाला. (कॅसिनोंसाठी मला रडू आलं नाही, हे इथे नमूद करतो. पण मांडवीतल्या बोटींसाठी एवढा कणा ताठ होतो, तर मांडवीसाठी का नाही, एवढं मनात आलं. अशी शंका तुम्ही घेऊ नका.)

आमदारांना मात्र दोष द्यायचा नाही. तिकीट वरून, मंत्रिपद वरून, निवडणुकीचा खर्च वरून. बिचारे खाली बघणार कधी? जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० जण वर बघत पलीकडे गेले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी उमेदवारांना देवळात, क्रॉसपाशी आणि दर्ग्यात नेऊन शपथा घातल्या. त्याच सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ गेले. देवही वरच असतो, पण दिल्ली त्याहून जवळ. तेव्हा कोणी म्हणालं की केंद्राने राज्याचे अधिकार ओढून घेतले, तर ‘ओढून’ या शब्दाला हरकत घ्या. ओढायला दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरून ठेवलेलं असावं लागतं.

आता शेवटचा धडा. दिल्लीकडे बोट दाखवण्यात पणजी तरबेज झाली, की तिला दुसरी विद्या आपोआप येते: स्वतः ‘वर’ होण्याची. गोव्यात १९१ पंचायती. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे द्यायचे २९ विषय लिहिलेले आहेत. त्यांतले किती तुमच्या पंचायतीकडे पोचले, हे विचारून सरपंचबाईंना अडचणीत आणू नका. त्यांना आधीच खूप काम असतं. दाखले द्यायचे, कचरा उचलायचा आणि ग्रामसभेत आपल्या शिव्या खायच्या. गावातलं शेत शेतच राहणार की त्याची ‘सेटलमेंट’, म्हणजे बांधकामाची जमीन, होणार, हे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९-अ खाली पणजीत ठरू लागलं. २०२३ मध्ये एक कलम आलं, २०२४ मध्ये दुसरं. आमच्या ग्रामसभेत एका म्हाताऱ्याने याच्यावर प्रश्न विचारला. वय ऐंशीच्या पुढचं, आवाज खणखणीत. शेत त्याचं नाही, शेजाऱ्याचं. पण पाणी त्याच्या बांधावरून जातं. सचिवांनी कागद चाळले, पंचांनी पंख्याकडे बघितलं आणि सरपंचबाई म्हणाल्या, ‘बाबा, तें वयल्यान आयलां. आमच्या हातांत कांय ना.’ म्हाताऱ्याने छपराकडे निरखून बघितलं आणि विचारलं, ‘मागीर तुमी हांगा कित्याक बसल्यात?’ (मग तुम्ही इथे कशाला बसलात?)

असं विचारणाऱ्याजवळ तुम्ही बसू नये. फोटोत येता.

इतका सराव करूनही जीव जड झालाच तर राज्य यादी उघडा. आठवी नोंद: मादक पेयं. जीएसटीही तिच्या वाटेला गेलेला नाही. दिल्लीचा हात न लागलेली एवढी एकच जागा आपल्याकडे शिल्लक आहे, आणि तिचा हंगाम साधारण मार्च ते मे. काजूच्या बागेजवळची भट्टी शोधा, हुर्राक घ्या, त्यात लिंबू पिळा, मीठ घाला, हिरवी मिरची चिरून टाका. इथे पेला रिकामा करण्यापुरतंच वर बघावं लागतं.