गिनी पिगाचं लंघन आणि उरलेलं अमॉक्सिसिलिन: त्या फॉरवर्डला उत्तर

‘गिनी पिग आजारी पडला की तो स्वतःच सांगतो’ अशा मथळ्याचा सात कलमी मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: शिट्टी वाजवतोय (म्हणजे शिट्टीसारखा ओरडतोय) म्हणजे ठणठणीत. नाक थंड म्हणजे ताप नाही. शांत बसायला लागला म्हणजे माणसाळला. डोळ्यांतून पांढरं पाणी आलं तर सर्दी, त्यावर लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचे दोन थेंब. खाणं सोडलं तर एक दिवस लंघन. स्वतःची लेंडी खाल्ली तर पोटात जंत. आणि पिण्याच्या पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकले की बाकी काही बघायला नको.

मला हा मजकूर फोंड्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडून आला. ‘ताई, हे बरोबर आहे ना गं?’ असं तिने खाली विचारलं होतं. तोवर भाचीच्या चिकू नावाच्या गिनी पिगाचं लंघन सुरूही झालं होतं, आणि मुलीच्या खोकल्याच्या वेळची उरलेली बाटली फ्रीजमधून बाहेर आली होती. त्यामुळे सौम्य शब्दांत लिहिणं मला जमणार नाही.

सगळ्यात आधी ते दोन थेंब. अमॉक्सिसिलिन गिनी पिगाच्या तोंडात घालू नका. दोन नाही, अर्धा थेंबही नाही. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं या प्राण्याला घातक ठरतात. गिनी पिगाचं पचन मोठ्या आंधळ्या आतड्यात (सीकम, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरची पिशवी) राहणाऱ्या जिवाणूंवर चालतं. ही औषधं नेमके तेच जिवाणू मारतात, मग मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. जुलाब लागतात, अंग थंड पडतं, काही दिवसांत प्राणी जातो. औषध देणाऱ्याला वाटतं की सर्दीनेच गेला. हे माझं मत नाही. जगभरचे पशुवैद्य ज्या मर्क व्हेटरिनरी मॅन्युअलवर भिस्त ठेवतात, त्यात गिनी पिग अँटिबायोटिकांना अतिशय नाजूक असल्याचं बजावलेलं आहे.

ही माहिती नवीही नाही. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी या शास्त्रज्ञांनी आठ उंदरांवर पेनिसिलिनचा तो प्रसिद्ध प्रयोग केला. गिनी पिग या औषधाने मरतात हे १९४३ मध्ये छापून आलं. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांच्या जागी गिनी पिग असते तर पेनिसिलिन विषारी म्हणून बाजूला पडलं असतं, असं वैद्यकाच्या इतिहासात वारंवार म्हटलं जातं. ऐंशी वर्षांहून जुनी ही गोष्ट, आणि आज कुणीतरी ‘घरगुती उपाय’ म्हणून तेच औषध वाटत सुटलं आहे. गिनी पिगाला अँटिबायोटिक कधीच देत नाहीत असं नाही. ट्रायमेथोप्रिम-सल्फा, एन्रोफ्लॉक्सासिन अशी औषधं पशुवैद्य वजन करून, मात्रा ठरवून देतात. नाक्यावरच्या फार्मसीतून आणून आपण आपल्या हाताने द्यायची ती गोष्ट नव्हे.

आता लंघन. ‘लंघनं परमौषधम्’ हे माणसाच्या बिघडलेल्या पोटासाठी असेल. ‘आपण नाही का एकादशी करत?’ असं बहीण म्हणाली, तेव्हा मला फोनवर आवाज चढवावा लागला. गिनी पिग दिवसरात्र थोडं थोडं चरणारा प्राणी आहे. त्याचं आतडं चालतं राहायला त्यात तंतुमय चारा सतत पडावा लागतो. चारा थांबला की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. त्याला उलटीही होत नाही. उपाशी शरीर चरबी वापरायला काढतं, ती यकृतात साचते, आणि स्थूल किंवा गाभण मादीत हे फार झपाट्याने होतं. गिनी पिगाने बारा तास तोंडाला काही लावलं नसेल तर ती डॉक्टरकडे धावायची वेळ आहे. चवथीला गावच्या घरी जाताना पिंजऱ्यात मूठभर चारा टाकून ‘दोन दिवस काढील’ म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. शेजारच्या कुणालातरी रोज दोनदा बघायला सांगून जा.

‘शिट्टी वाजवतोय म्हणजे ठणठणीत’ हे कलम वरवर निरुपद्रवी वाटतं, पण लोकांना गाफील ठेवतं ते हेच. चिकू तीन दिवस व्यवस्थित शिट्टी वाजवत होता. कोथिंबिरीची पिशवी वाजली की जाळीपाशी उभा राहायचा, पान तोंडात धरायचा आणि खाली टाकायचा. बहिणीला वाटलं, नखरे करतोय. त्याला भूक होती, चावता येत नव्हतं. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं तेव्हा खालच्या दाढेचं टोक वाढून जिभेला घासताना दिसलं. गिनी पिगाचे पुढचे दात वाढतात हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण त्याच्या मागच्या दाढाही जन्मभर वाढत राहतात. सुकं गवत चावून चावूनच त्या झिजतात, म्हणून आहाराचा फार मोठा वाटा गवताचाच हवा. नुसत्या तयार खाद्याच्या गोळ्या आणि काकडीवर ठेवलेल्या प्राण्याच्या दाढा सहज बिघडतात. मऊ खाऊ उचलतो पण गवत सोडतो, घास तोंडातून पडतो, हनुवटीखालचे केस ओले राहतात, लेंड्या लहान, कोरड्या आणि कमी होतात: दाढ दुखते आहे ते असं कळतं. शिट्टी यातलं काहीच सांगत नाही.

शिकार होणारा प्राणी आजार लपवतो, कारण कळपात दुबळा दिसलेला आधी उचलला जातो. आपल्या घरात त्याला खाणारं कुणी नाही हे त्याला कसं कळणार?

त्या मजकुरात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. नेहमी ओरडणारा अचानक गप्प झाला तर लक्ष द्यावं, असं शिट्टीच्या कलमात शेवटी एक वाक्य आहे. ते बरोबर आहे. पण मग पुढच्या एका कलमात ‘शांत बसला म्हणजे माणसाळला’ का लिहिलं? केस फुलवून, पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेला गिनी पिग माणसाळलेला नसतो, त्याला दुखत असतं. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाल्कनीतल्या पिंजऱ्यात आडवा पडून भराभर श्वास घेणारा, लाळ गाळणारा गिनी पिग उष्माघाताच्या वाटेवर असतो. हा मूळचा अँडीजच्या थंड उंचीवरचा प्राणी. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपुढे त्याला त्रास सुरू होतो, आणि गोव्यातल्या दमट हवेत तर तो लवकर होतो.

बाकीची कलमं भरभर घेते. थंड नाकावरून काही कळत नाही. डोळ्यांतून मधूनच दुधासारखा थेंब येतो आणि तो पुढच्या पायांनी तोंडाला फासतो, ही त्याची अंग साफ करायची रीत. सर्दी वेगळी दिसते: पापण्यांवर खपली, ओलं नाक, नाक पुसून पुसून पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले, श्वासाला बरगड्या हलणं. लेंडी खाणं जंतांमुळे नाही. आंधळ्या आतड्यातून येणारी मऊ लेंडी तो परत खातो आणि त्यातून ब जीवनसत्त्वं मिळवतो. ते थांबवायला जाऊ नका.

क जीवनसत्त्व मात्र खरंच लागतं. माणसासारखंच त्याच्या शरीरात ते तयार होत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांना प्रयोगात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, दिसली ती याच प्राण्यात. एक किलो वजनामागे रोज दहा मिलिग्रॅम, गाभण मादीला तीस. पण पाण्यात टाकलेलं जीवनसत्त्व उजेडाने आणि वेळेने नासतं, शिवाय चव बदलली म्हणून काही प्राणी पाणीच कमी पितात. रोज भोपळी मिरचीचा तुकडा द्या. मधूनमधून पेरूची लहानशी फोड चालेल, त्यात साखर असते म्हणून लहानशी. सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं, त्यावर विसंबू नका. चालायला कुरकुरणं, उचललं की किंचाळणं, सुजलेले सांधे, खरखरीत केस दिसले तर हे कमी पडतं आहे का ते तपासून घ्या. पावसाळ्यात गवत कोंदट वास मारू लागलं की फेका, बुरशीचं गवत घालू नका.

आणि आजार खरंच लवकर ओळखायचा असेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. दर आठवड्याला एकाच वेळी वजन करा, वहीत लिहा. मोठा गिनी पिग साधारण सातशे ते बाराशे ग्रॅम भरतो. पन्नास ग्रॅम उतरले तर रोज वजन करा, शंभर उतरले तर वाट बघू नका. शिट्टी, नाक, डोळे सगळं ठीक दिसत असताना हा आकडा आधी हलतो. चिकूचं वजन कुणी केलंच नव्हतं.

गोव्यात गुरं आणि कुत्री-मांजरं बघणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, या लहान प्राण्यांचा अनुभव असलेले थोडे. म्हणून प्राणी धडधाकट असतानाच दोन-तीन ठिकाणी फोन करून ठेवा, आणि ‘गिनी पिगाच्या मागच्या दाढा तपासता का?’ असं थेट विचारा.